फण्यावर नाचणारा पाय

तरुणपणी उदयपूरला एका उस्तादाकडे नऊ वर्षं दगडी रंग घोटून पोपट भोईर कल्याणला परतला, तो दरबारी लघुचित्रांच्या नकला करण्यासाठी. गिऱ्हाइकं बहुतेक टॉवरमधली. कृष्ण हवा, पण सोफ्याला मॅच होणारा. राम हवा, पण बाजूला राक्षस नको, मुलं घाबरतात. पोपट "बरं साहेब" म्हणायचा आणि जिना उतरताना त्यांची सात पिढ्यांची अक्कल काढायचा. एकसष्टाव्या वर्षापर्यंत हे असंच चाललं.

कालियामर्दनाचं चित्र मात्र नक्कल नव्हती. त्यावर त्याचे सात महिने गेले. जुन्या रीतीप्रमाणे त्याने एकाच पानावर सगळी कथा मांडली होती: कदंबावर चढलेला कृष्ण, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, काठावर यशोदेच्या मिठीतला कृष्ण. नाचणाऱ्याचा उचललेला पाय अकरा वेळा बिघडून बाराव्यांदा साधला होता. असा पाय आता पुन्हा हातून उतरणार नाही, हे तो जाणून होता.

कोलशेतच्या एका टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर, ऑर्डर देणाऱ्या विनीतने चित्र बघितलं.

"काका, हे तिघं कोण?"

"कृष्णच. तिन्ही."

"अहो, ऑर्डर एकाची होती ना!"

"नजर पुढे नेली की गोष्ट पुढे जाते, साहेब. असंच काढतात."

"आणि पाहुण्यांना दर वेळी कोण समजावणार?" विनीतची बायको समीक्षा हसली. "मला तर तिळे वाटले! एकच ठेवा ना, काका. बाकीच्यांवर पाणीबिणी काढा."

पोपटने विचारलं, "कोणता ठेवू?" एवढं तरी यांना कळेल, असं त्याला वाटलं.

"झाडावरचा. मधला जाम गजबज करतोय," समीक्षा म्हणाली.

चित्र उचलावं आणि चालू लागावं, असं त्याच्या मनात आलं. पण ज्यांना आयुष्यभर मूर्ख म्हटलं, त्यांना तोंडावर नाही म्हणायचं त्याला कधी जमलंच नव्हतं. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने पिशवीतला निळा रंग कालवला आणि सगळ्यात आधी तो पाय बुजवला.

"आता कसं मोकळं वाटतं!" विनीत म्हणाला.

चित्रात कालियाच्या बायका अजून हात जोडून रिकाम्या फण्याकडे दया मागत होत्या. पोपटने शेवटची लाट ओढली आणि ब्रश धुवायला बेसिन कुठे आहे, ते विचारलं.