तोफगोळ्यांची नावं आणि माझ्या लेकीचं बारसं

शेजारी बारशाच्या घुगऱ्या शिजू लागल्या, की त्या वासावर तरंगत मी साठच्या दशकातल्या माझ्या सासरी, उरवड्याला पोचते.

पाळण्यात माझी तिसरी मुलगी झोपलेली. पुढचा मुलगा व्हावा म्हणून मामंजींनी तिचं नाव नकुशी ठरवलेलं. माझा जीव नुसता तुटत होता.

तेवढ्यात ओसरीवर रजेवर आलेल्या दोघा भावांची तोफगोळ्यांच्या नावांवरून जुंपली. माझे मालक रणगाड्यावर, धाकटे दीर आरमारात.

“इंग्रज गोळ्याला कामावरनं नाव देतोय,” मालक म्हणाले. “अमेरिकेचा निस्ता नंबर.”

“आमच्या बोटीवर पोलाद फोडणाऱ्या गोळ्याला ‘कॉमन’ म्हणत्यात. म्हंजी साधा.”

“पोलाद फोडतोय आन् साधा?” म्हणत मामंजी न्याय करायला बाहेर गेले.

नणंदबाई पाळण्यात वाकल्या. बाळाच्या कानात कुर्र केलं आणि म्हणाल्या, “हौसा.”

मामंजी परतले तेव्हा उशीर झाला होता. कानात सांगितलेलं नाव मागे घेत नाहीत.

“ह्ये कशावरनं ठिवलं?”

“हौसंनं झालीया, आण्णा. त्यावरनं.”

ओसरीवर ते दोघे खांद्याला खांदा लावून हसत होते. त्या एका दिवसाखेरीज उभ्या जन्मात ते एकमेकांशी कधी भांडले नव्हते, हे माझ्या लक्षात यायला मात्र कितीतरी वर्षं गेली.