नम्रताच्या मागची मोकळी जागा

सुदर्शनला टापटिपीचा रोग आहे, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. मुलगा वर्ध्याचा, नोकरी हिंजवडीत आणि राहायला कोथरूडला, आमच्या वरच्या खोलीत. चपलासुद्धा भिंतीशी सरळ रेषेत लावणार. मी जेवणाचे डबे देते, तर हा आधी माझा ओटा पुसणार आणि मग जेवायला बसणार.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या छापायचा प्रोग्रॅम त्यानेच हौसेने करून दिला. त्यात म्हणे डिक्शनरी असते : एका बाजूला नाव, समोर त्याचं पथ्यपाणी. एकच नाव दोनदा चालत नाही. आणि माझ्याकडे तर नम्रता दोन, एकाच हॉस्टेलच्या! आडनावं कोण विचारत बसतंय? जुन्या नम्रतासमोर ‘दाण्याचं कूट अजिबात नको’ असं होतं, तिला दाणे म्हणजे विष. नवी आली तेव्हा तिच्या नावाच्या शेवटी मी एक स्पेस मारून दिली. कॉम्प्युटरने मुकाट घेतलं.

परवा सकाळी सुदर्शन चहा पिता पिता म्हणाला, "काकू, किती कचरा तो! नावांच्या मागेपुढे मोकळ्या जागा, कुठे कॅपिटल अक्षरं, कुठे स्मॉल. सगळं एकसारखं करून टाकलं."

"शाबास! आता कप पण विसळ," मी म्हटलं. मला मेलीला काय माहीत?

दुपारी हॉस्टेलच्या आनंदीबाईंचा फोन आला. "अहो जयाताई, भाजीत दाणे होते का? नम्रताचे ओठ सुजलेत, श्वास घेता येत नाहीये. दवाखान्यात नेलंय!"

मी हात पुसत कॉम्प्युटर उघडला. स्क्रीनवर बघते तर काय, नम्रता एकच! आणि समोर पथ्य काहीच नाही.

धावतपळत दवाखाना गाठला. बाहेर बाकावर एक पोरगी नम्रताची पर्स उराशी धरून बसली होती. तिच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? मागोमाग सुदर्शन आला, पांढराफटक पडलेला.

"मागची स्पेस काढली, काकू. दोन्ही नावं सारखी झाली. मग नवीची माहिती जुनीच्या जागी बसली आणि जुनीची पुसली गेली. एररसुद्धा आली नाही."

"अरे देवा! जितंजागतं माणूस पुसलं जातं आणि तुमचं यंत्र हूं की चूं करत नाही?" मी ओरडलेच.

तो भिंतीला टेकून खाली बसला. एक चप्पल इकडे, एक तिकडे.

संध्याकाळी नम्रताचा श्वास सुरळीत झाला आणि आम्हाला आत सोडलं. सुदर्शनने रडत रडत सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आज नम्रताच्या नावाचा डबा एकच आला?" तिचा आवाज घोगरा झाला होता.

"हो."

"तो तर मी खाल्ला. मग ती दुसरी नम्रता काय जेवली?"

दिवसभरात तिची आठवण कुणालाच झाली नव्हती.

"तिनेच मला रिक्षात घालून आणलं," नम्रता म्हणाली. "बाहेर बसलीये बघा, माझी पर्स घेऊन."