मंगोलियात मी नको म्हणाले

मंगोलियाला गेले तेव्हा मी तरुण होते. एकसष्ट वर्षांची. हे जाऊन वर्ष झालं होतं, चँडलर गावातल्या आमच्या घरात एसीशिवाय कुणी आवाज करत नव्हतं. म्हणून मी मुद्दाम तिकडे निघाले, जिथे एसीचाही आवाज नाही. अक्कल तेवढीच.

जीपमध्ये मी, ड्रायव्हर आणि इंग्रजी बोलणारी गाइड. दिवसभर पिवळं गवत. पलीकडे नॅशनल पार्कातले बर्फाचे डोंगर, ते काही केल्या जवळ येईनात. दुपारी एका मेंढपाळाच्या घरी थांबलो. घर म्हणजे जाड लोकरीचा गोल तंबू. घरची बाई माझ्याच वयाची. तिनं मीठ घातलेला दुधाळ चहा दिला, मग ताट पुढे केलं. ताटात शंकरपाळ्या. त्यांच्याकडे नाव वेगळं, पण तळलेली कणीक मी ओळखते. तोंडाला पाणी सुटलं, आणि मी हात आडवा केला. "नको, नको."

बाईसाहेबांना, म्हणजे मला, आग्रह हवा होता. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा एक उचलायची, मग "बास हं" म्हणत चार. पण ताट ड्रायव्हरकडे गेलं ते परत आलंच नाही.

जीपमध्ये गाइड म्हणाली, "तिचं काय चुकलं, असं ती विचारत होती."

मागे वळून पाहिलं. ती बाई आमच्या वाटेवर चमच्यानं दूध शिंपडत होती, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. त्या सबंध माळावर माझं भलं चिंतणारं एवढंच माणूस, आणि त्याच्या हातचा घास मी घेतला नव्हता. तंबूचा ठिपका झाला तरी मी मान वळवूनच बसले होते.

आता चौऱ्याहत्तर. प्लेनोला मुलाकडे असते. शनिवारी सून म्हणाली, "आई, लेकवर चाललोय, येताय?"

मी सकाळीच चांगली साडी नेसून बसले होते. म्हटलं, "नको गं, तुम्ही जा."

नात गाडीतून म्हणाली, "आजी, शुअर?"

"हो हो, शुअर."

तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. गॅरेजचं दार खाली आलं. मी अंधारात क्षणभर उभी राहिले आणि बटण दाबून ते परत वर केलं. गाडी कोपऱ्यावर पोचली होती. थांबा म्हणून मी जोरजोरात हात हलवला.

नातीनं मागच्या काचेतून पाहिलं, हसली, आणि टाटा केलं.