चारमिनारी रुपयाची पट्टी

माझी सगळी नोकरी हिंगोलीच्या मोंढ्यात, एका अडत दुकानावर मुनीम म्हणून गेली. हळदीची हर्राशी म्हणजे लिलाव झाला की शेतकऱ्याची पट्टी लिहायची. वर बोलीचा भाव, त्याखाली हमाली, तोलाई, आणखी जे काही कापायचं ते, आणि सगळ्यात खाली त्याच्या हातात पडणारी रक्कम. प्रत्येक शेतकरी पट्टी उलटीसुलटी करून विचारायचा, "मुनीमजी, हे काहून कापलं?" मी चष्मा न काढता म्हणायचो, "नियम हाय." पुढचा पोतं घेऊन उभाच असायचा.

अशा माणसाला लिलावात कोणी नवीन काही शिकवू शकेल असं मला वाटत नव्हतं. मला नाण्यांचा नाद आहे, आणि तो नाद मला ज्या माणसाने लावला तोच पुढे माझा व्याही झाला. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, विहिणीला ईनबाई. हे आमचे इवाई जवळा बाजारला राहतात, शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. पोरीचं स्थळ बघायला गेलो तेव्हा आम्ही दोघं तासभर निजामाच्या तांब्याच्या पैशांवर बोलत बसलो आणि मुलगा काय शिकला हे विचारायचं राहूनच गेलं. ते माझ्या बायकोनं विचारलं, म्हणून बरं.

माझ्याकडे एक रुपया होता, निजामाच्या काळातला, चांदीचा, चारमिनारचं चित्र असलेला. चारमिनारच्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. बहुतेक रुपयांवर ते मोठं असतं, माझ्यावर लहान. लहान अक्षराचे रुपये फार थोडे निघाले म्हणून त्याला किंमत. वडिलांच्या तंबाखूच्या चंचीत तो सापडला होता. कडेला एक खाच होती, कोण्या सोनारानं चांदी खरी का खोटी बघायला कानस मारली असणार. इवाई त्या रुपयामागे सात वर्षं लागले होते. दर वेळी मी म्हणायचो, "इवाई, जीव जाईल, पण रुपया जाणार न्हाई."

मग एके दिवशी पुण्याच्या एका लिलावगृहाचं पुस्तक टपालानं आलं. त्यात निजामाची एक एवढीशी सोन्याची अशरफी होती, करंगळीच्या नखाएवढी. मला ती रात्रंदिवस दिसू लागली. साठवलेले पैसे कमी पडत होते. शेवटी मी ठरवलं, रुपया त्याच लिलावात लावायचा आणि येतील त्या पैशात भर घालून अशरफी घ्यायची. इवायाला मात्र कळता कामा नये. ज्याला सात वर्षं न्हाई म्हटलं, त्याला सोडून परक्याला विकला असं कळलं तर पोरीच्या सासरी मी कोणत्या तोंडानं पाणी प्यायचं? बायकोला सांगितलं, कारण घरात लपवून काही ठेवता येत नाही. ती म्हणाली, "मामांजींची निशाणी हाय ती." मी म्हटलं, "निशाणी मनात राहते." लिलावगृहाचा कागद सहीला आला होता, बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी छापलेला. मी सही केली. तिनं तो कागद घेऊन खिडकीत बसून वाचला. मला वाटलं, हिला करमत नाही.

लिलाव रविवारी दुपारी होता, मोबाइलवर. आपलं नाव कुठेही दिसत नाही, प्रत्येकाला नुसता नंबर. अशरफी आधी निघाली आणि दोन बोल्यांतच माझ्या आवाक्याबाहेर गेली. मी हळहळलो. अर्ध्या तासानं माझा रुपया निघाला. नऊ हजारांपासून सुरुवात. अकरा हजारांवर सगळे गळाले आणि दोनच नंबर उरले. पण ते दोघं असे भिडले की बस! बारा, तेरा, चौदा. मी पलंगावर उठून बसलो. मोंढ्यात दोन व्यापारी ईर्ष्येला पेटले की शेतकऱ्याचं तोंड कसं होतं ते मी जन्मभर पाहिलं होतं, त्या दिवशी माझं तसं झालं असणार.

बायको स्वयंपाकघरात फोनवर पोरीशी बोलत होती. कैरीचे दिवस होते. मला ऐकू येत होतं, "टाक. अजून एक टाक. घाबरू नको, टाक." मी ओरडून म्हटलं, "अगं, तिखट जास्त व्हईल!" तिनं दार लोटून घेतलं.

एकवीस हजारांवर हातोडा पडला.

महिन्याभरानं पट्टी आली. एकवीस हजार, बरोबर. त्याखाली विक्रेत्याचं कमिशन पंधरा टक्के, तीन हजार एकशे पन्नास. त्या कमिशनवर जीएसटी, पाचशे सदुसष्ट. फोटो, विमा, टपाल मिळून पाचशे. हातात सोळा हजार सातशे त्र्याऐंशी. मी पट्टी उलटी केली. मागे काही नव्हतं. मी फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. मी विचारलं, "बाई, हे काहून कापलं?"

ती म्हणाली, "काका, नियम आहेत. तुमची सही आहे."

मी फोन ठेवला. मोंढ्यातले किती चेहरे डोळ्यांसमोरून गेले ते सांगत नाही.

पुढच्याच आठवड्यात इवायाचा फोन. "इवाई, जेवायला या. ईनबाईला बी आणा. एक चीज दावायची हाय." आम्ही एसटीनं जवळा बाजारला गेलो. जेवण झालं, हात धुतले, इवायानं माझे हात दुसऱ्यांदा पुसायला लावले आणि मखमली डबी उघडली. आत माझा रुपया होता.

माझ्या घशात सुपारी अडकली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही, ती पंख्याकडे पाहू लागली.

"लहान अक्षर," इवाई म्हणाले. "बराबर तुमच्यासारखा. पन ह्यो तुमच्याहून उजवा हाय, राग मानू नका."

"ह्याला बी खाच दिसते की," मी कसंबसं म्हटलं.

"तुमच्यावर हाय ती खाच. ह्याच्यावर हाय ती कसाची खूण. फरक हाय. ही बगा कशी डौलदार हाय. तुमची जरा ओबडधोबड हाय." एवढं बोलून त्यांनी मांडी बदलली. "आता तुमचा काढा एकदा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बगू."

"तो... ब्यांकेच्या लॉकरात हाय," मी म्हणालो. माझं कुठल्याही बँकेत लॉकर नाही. येताना एसटीत बायको एवढंच म्हणाली, "डौलदार!" आणि औंढ्यापर्यंत हसत राहिली.

चार दिवसांनी सकाळी दहा वाजता इवाई आमच्या दारात. खिशात डबी, हातात भिंग. "चला ब्यांकेत. आज मोकळाच हाय मी."

मी पायजम्याची नाडी बांधण्यात दहा मिनिटं घालवली. रस्त्यात ओळखीच्या प्रत्येक माणसाशी थांबून बोललो, दोन अनोळखी माणसांशीही बोललो. तरी बँक आलीच. पायरीवर इवाई म्हणाले, "चावी घेतली ना?" मी तिथेच खाली बसलो.

"इवाई," मी म्हणालो, "लॉकर न्हाई. रुपया बी न्हाई. तुमच्या खिशात जो हाय ना, तो माझाच हाय."

इवाई उभेच राहिले. त्यांनी डबी काढली, उघडली, भिंग लावलं. त्या डौलदार खुणेकडे ते खूप वेळ बघत होते. मग माझ्या शेजारी पायरीवर बसले. मला वाटलं, आता संबंध तुटले. दिवाळीला पोरगी येते का नाही याचा मी विचार करू लागलो.

ते म्हणाले, "हातात किती आले तुमच्या?"

"सोळा हजार सातशे त्र्याऐंशी."

"काय सांगता? अवो, मी सव्वीस हजार दोनशे छपन्न भरले!"

आता उडायची पाळी माझी होती. मी म्हटलं, "एकवीसला हातोडा पडला की."

"हातोडा पडला. त्याच्यावर घेणाराचं वीस टक्के. त्या वीस टक्क्यावर जीएसटी. वरून तीनशे टपाल. मला ठाऊकच नव्हतं. बिल आल्यावर कळलं. तुमाला सांगायची लाज वाटली."

घरी येऊन आम्ही कागदावर वजाबाकी केली. माझ्याकडून कापलेले आणि त्यांच्यावर चढवलेले मिळून नऊ हजार चारशे त्र्याहत्तर. हिंगोलीपासून जवळा बाजार एसटीनं तासाभराचं अंतर. रुपया आधी पुण्याला गेला, मग पुण्याहून तिकडे आला, आणि त्याचं एवढं भाडं झालं. दर आठवड्याला एकमेकांच्या घरी चहा पिणारी आम्ही दोघं माणसं. मी मोंढ्यातला, ते हेडमास्तर. गणितात आम्हाला कोणी हात लावू शकत नाही असा दोघांचाही समज.

"तेबी सोडा," इवाई चिडून म्हणाले. "मला अकरा-बाराला मिळाला असता. पन एक कोन तरी हरामखोर सारखा चढवून राहिला होता. मी एक टाकला की त्यो एक टाके. पोरगं म्हणे बाबा सोडा. मी म्हटलं सोडत न्हाई. ईर्ष्याच पेटली. कोन होता काय माहीत मेला!"

बायको चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "तो हरामखोर मी होते, भाऊ."

इवायानं उचललेला कप तसाच खाली ठेवला.

मग सगळं बाहेर आलं. मामांजींची निशाणी परक्याकडे जाऊ नये म्हणून तिनं भिशीचे पंचवीस हजार बाजूला काढले होते. रुपया सोडवून मला दिवाळीला द्यायचा तिचा बेत होता. मोबाइलवरचं तिला जमत नाही, म्हणून पोरीला फोन लावून बोली लावत होती. कैरीचं लोणचं वगैरे काही नव्हतं.

"म्हणजे आमची सूनबाई?" इवायानं विचारलं.

"व्हय. तुमच्याच स्वयंपाकघरातून."

इवाई आणि त्यांचा मुलगा पुढच्या खोलीत दार लावून बोली लावत होते. सूनबाई मागे, मध्ये एक भिंत. तिला भिंतीपलीकडून "सोडू नको, अजून हाण!" असं ऐकू येत होतं. तिला वाटलं, मामा क्रिकेट बघून राहिले.

"मग वीस हजारावर तुमी थांबल्या काहून?" इवायाचा खरा प्रश्न हा होता. जिंकल्याचा आनंद त्यांना अजून थोडासा हवा असावा.

"कागद वाचला होता ना मी," बायको म्हणाली. "वीसवर वीस टक्के, त्याच्यावर जीएसटी, टपाल. पंचवीस हजार वीस होत होते. वरचे वीस मी डब्यातून टाकले असते. एकवीसला गेलं की माझ्या हाताबाहेर. म्हणून पोरीला म्हटलं, राहू दे."

दोन्ही घराण्यांत तो कागद वाचलेली ती एकटीच निघाली.

इवायानं डबी काढून तिच्यासमोर सरकवली. "ईनबाई, रुपया तुमचा. मला पैसे नको."

"फुकट मी घेणार न्हाई."

"बहिणीकडून पैसे घेऊ का मी?"

"मग मी देतो," मी म्हटलं.

"इवायाकडून तर मुळीच न्हाई."

असं बराच वेळ चाललं. मोंढ्यात भाव ठरायला पाच मिनिटं लागतात, नात्यात जन्म जातो. शेवटी बायकोनंच निकाल दिला. रुपयाचे मला मिळालेले सोळा हजार सातशे त्र्याऐंशी मी इवायाला द्यायचे. मधल्यामध्ये गेलेले नऊ हजार चारशे त्र्याहत्तर आम्ही दोघांनी निम्मे निम्मे सोसायचे, कारण लपवाछपवी दोघांची. रुपया तिचा. आणि भिशीचे पैसे भिशीतच, कारण तिचा गुन्हा काही नाही.

निम्म्याचे चार हजार सातशे छत्तीस रुपये पन्नास पैसे झाले. मी म्हटलं, "पन्नास पैसे सोडून द्या." इवाई म्हणाले, "न्हाई. हिशोब म्हणजे हिशोब." तेव्हा मी माझ्या संग्रहाची वही उघडली आणि एक पन्नास पैशांचं नाणं काढून दिलं. त्यांनी ते भिंगाखाली धरून टांकसाळीची खूण पाहिली आणि म्हणाले, "हे माझ्याकडं दोन हायेत. दुसरं द्या."

त्याला आता वर्ष होत आलं. पोरगी सासरी सुखात आहे. फक्त मामा क्रिकेट लावून बसले की ती आधी पुढच्या खोलीत डोकावून टीव्ही चालू आहे का ते बघून येते. रुपया बायकोच्या कपाटात आहे. मला बघायचा असला तर मागावा लागतो. इवाई आले की त्यांनाही मागावा लागतो, आणि हात दोघांनाही धुवावे लागतात.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, "कपाटात ठेवून काय करायचं? कडी लावून गळ्यात घालते."

इवाई त्या वेळी आमच्याकडेच होते. आम्ही दोघं एकदमच उभे राहिलो. कडीला डाग दिला की नाण्याचं मोल जातं, चांदी तापते, कड बिघडते, हे आम्ही एकमेकांची वाक्यं तोडत तिला समजावून सांगितलं. इवायानं तर हात जोडले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी बाजारात गेली. परत आली तेव्हा मी दारातच उभा होतो.

"लावली का?" मी विचारलं.

"अजून न्हाई. नुसतं विचारून आले," ती चपला काढत म्हणाली. "सोनारानं घडणावळ किती ते आधीच सांगितलं. कागदावर लिहून बी दिलं. बरा माणूस हाय."