सिस्टरबाईचा लाल रकाना

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कार्डं आखणं. सकाळचा चहा झाला अन् ओट्यावर बसलो. पट्टी मी दाबून धरायची, लाल पेनानं रेघ तिनं ओढायची. माझा हात जरा हलला.

"जन्मभर नांगराचे सरळ तास काढले म्हणता, अन् वीतभर पट्टी काऊन हालते?"

"बैल टोमणे मारत नव्हते," मी म्हटलं.

ती हसली. कार्डं डब्यात ठेवून न्हाणीत गेली अन् तिथंच पडली.

देऊळघाटात सगळे तिला सिस्टरबाई म्हणत. बायको माझी, पण मीही तेच म्हणायचो. तीस वर्षं ती उपकेंद्रात नर्स होती. मी चौथी शिकलेला, शेतात राबणारा, तोंडाचा फाटका. गावात म्हणत, याच्या जिभेला हाड नाही अन् हिच्या प्रश्नाला अंत नाही.

प्रश्न एकच होता. ताप असो, खोकला असो, गोळी द्यायच्या आधी ती विचारायची, "तुह्या रक्ताच्या माणसात कोणाले कोणती गोळी सोसली नाही?" लोक वैतागत. एक जण म्हणाला, "बाई, ताप मले हाय, आत्याचं काय विचारून राह्यली?"

"नाक आत्याचं घेतलं तुनं, मंग रक्त का शेजाऱ्याचं घेतलं?"

उत्तर मिळालं की ती कार्डावर लाल रकान्यात लिहायची. हा रकाना सरकारी नव्हता, तिनंच काढलेला. जानेफळचा तिचा सख्खा भाऊ फिटच्या गोळीनं गेला होता. गोळी सुरू झाली अन् दोन आठवड्यांत अंगाची साल निघाली, भाजल्यासारखी. त्याला केळीच्या पानावर निजवून तिनंच त्याचं केलं. तेव्हापासून हा रकाना.

नोकरीच्या शेवटी बुलढाण्याला एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. मोठ्या साहेबानं पडद्यावर दाखवलं, की एकच औषध एकाला तारतं अन् दुसऱ्याला मारतं, ते ज्याच्या-त्याच्या रक्तात लिहिलेलं असतं, मायबापाकडून आलेलं. आता त्याची तपासणीही निघाली म्हणे. ही उभी राहिली. "साहेब, मंग आपल्या केसपेपरवर नातेवाइकाचा रकाना काऊन नाही?" साहेब म्हणाले, चांगली सूचना आहे, चहा घेऊन घ्या. घरी आल्यावर मी विचारलं, काय भेटलं? म्हणाली, "सर्टिफिकेट भेटलं. रकाना नाही भेटला."

रिटायर झाली तरी तिनं कार्डं सोडली नाहीत. पोरीचं, नातवांचं, अर्ध्या गावाचं कार्ड डब्यात होतं. तिचं स्वतःचं नव्हतं. "मी तोंडानं सांगीन ना," म्हणायची.

न्हाणीत पडली तेव्हा तिला लकवा झाला होता. वाचा गेली, उजवा हात गेला. दवाखान्यात फिट आली. तरुण डॉक्टरनं घाईघाईत मला विचारलं, "यांना कुठल्या औषधाची अॅलर्जी?" मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतं. तिला नव्हतीच. त्यानं पुढं विचारलं नाही अन् मी पुढं बोललो नाही. जन्मभर नको तिथं बोललो. तिथं वाटलं, एवढा शिकलेला माणूस, त्याला माहीत असेल.

तिला घरी आणलं. फिटची गोळी चारायची जबाबदारी माझी. ती तोंड मिटून घ्यायची, मान हलवायची, डाव्या हातानं माझा हात ढकलायची. मला वाटलं, कडू लागते. मी म्हटलं, "सिस्टरबाई, गावाले गोळ्या चारल्या, आता गुमान घे." गाल दाबून चारली. रोज दोन वेळा. ती माझ्याकडे बघत राहायची. ते बघणं अजून या घरात आहे. मी चुलीकडे तोंड केलं की पाठीवर येतं.

बाराव्या दिवशी ताप आला, ओठ फुटले. मग साल. परत दवाखान्यात नेलं, तेव्हा त्या डॉक्टरनं विचारलं, "यांच्या घरात कोणाला असं झालं होतं का?"

"भावाले," मी म्हटलं.

तो खाली बसला. "बाबा, हे आम्हाला एका तासात शिकवलं होतं. परीक्षेत आलं नाही, म्हणून राहूनच गेलं." मी त्याला काय बोलू? मी तर तीस वर्षं हेच ऐकत होतो.

चौथ्या दिवशी ती गेली. त्याच दुपारी देऊळघाटात तिला अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. चहा तसाच ठेवला अन् डबा घेऊन ओट्यावर बसलो. पोर बीबी गावाला दिली आहे, तिचं कार्ड काढलं. लाल रकान्यात सिस्टरबाईच्या अक्षरात लिहिलं होतं : फिटची गोळी, मामा. खाली जागा नव्हती. रकाना वाढवायला पट्टी ठेवली. धरायला कोणी नव्हतं. रेघ वाकडी आली.

त्या वाकड्या रकान्यात मी लिहिलं : आई. मग नातवांची कार्डं घेतली.