मागच्या गाडीत कोण बसणार?

मोटरहोममागे आमची छोटी गाडी ओढून न्यायची की नाही, यावर अमेरिकेत कॅरी गावातल्या आमच्या घरात तीन आठवडे खल चालला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मोटरहोम माझ्या ऑफिसातल्या एका भल्या सहकाऱ्याचं. चाकांवरचं घरच ते. आत शेगडी, पलंग, संडास, सगळं. आदल्या उन्हाळ्यात त्याने ते आम्हाला आठवडाभर वापरायला दिलं होतं आणि त्या सहलीत जे झालं ते बायको विसरायला तयार नव्हती. डोंगरातल्या कॅम्पग्राउंडवर पोचलो, पाण्याची नळी जोडली, वीज जोडली, चाकांखाली फळ्या सारून घर समतल केलं, आणि चहाला दूध नाही. मग नळी काढली, वायर काढली, भांडी कपाटात कोंबली आणि दुधासाठी अख्खं घर घेऊन सहा मैलांवरच्या दुकानात गेलो. परत येऊन सगळं पुन्हा जोडून झालं तेव्हा साखर नसल्याचं लक्षात आलं.

"या वेळी गाडी मागे येणार, नाहीतर मी येत नाही," बायको म्हणाली. "मला लायसन्स मिळून आठ महिने झाले. तुम्ही घर हलवाल तेव्हाच मी हलायचं, अशी सुट्टी मला नको."

ती खरंच आली नसती. मी वहीत फायदे-तोटे लिहून काढले, परीक्षेच्या उत्तरासारखे, समास सोडून. मागे गाडी जोडलेली असली की रिव्हर्स घेता येत नाही, हा एकच तोटा मी तीन निरनिराळ्या शब्दांत लिहिला होता. भीतीच वाटत होती, दुसरं काही नाही.

तेवढ्यात गावाहून बाबा दोन महिन्यांसाठी आले. ते एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. त्यांच्या पगारावर मी शिकलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे मी मेकॅनिकल इंजिनिअर असलो तरी गाड्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा, हे मला आजही योग्यच वाटतं.

गाडीला बसवून आणलेला ओढायचा दांडा त्यांनी वाकून पाहिला.

"मागच्या गाडीत कोण बसणार?"

"कोणी नाही, बाबा. कोणी बसायचंच नाही, असं दुकानातल्या माणसाने बजावलंय."

"त्याने कधी एसटी ओढलीय का? वाटेत बस बंद पडली की दुसरीला बांधून न्यायचो आम्ही. मागच्या बसमध्ये स्टिअरिंगला माणूस लागतोच. नाहीतर गेली ती ओढ्यात!"

"तो दोर असायचा. हा लोखंडी दांडा आहे."

"दांड्याला डोळे असतात का?"

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मी हळूच बायकोकडे पाहिलं. "बाबाच नको म्हणतायत..."

"बाबा कुठे नको म्हणाले? माणूस पाहिजे म्हणाले," ती म्हणाली. "बाबा, तुम्हीच बसा. आपल्या गल्लीतच एक चक्कर मारून बघू. मी शेजारून चालते."

रविवारी सकाळी चाचणी ठरली. मागून बाबांनी हॉर्न एकदा वाजवला की मी थांबायचं, दोनदा वाजवला की निघायचं, एसटीतल्या घंटीसारखं. बाबा सवयीने गाडीत उजवीकडे बसले आणि समोर स्टिअरिंग नाही म्हणून माझ्याकडे संशयाने बघू लागले. त्यांना डावीकडे बसवलं. तीस वर्षं बसमध्ये काढली, पण स्टिअरिंग हातात धरायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांनी ते दोन्ही हातांनी असं आवळलं, जणू कोणी हिसकावून नेणार होतं.

दोन हॉर्न. मी चालण्याच्या वेगाने निघालो. पहिल्या वळणावर मोटरहोम वळलं, गाडीही वळू लागली, पण बाबा तिची चाकं वळू देईनात. टायर असे किंचाळले की शेजारचे अमेरिकन आजोबा झाडांना पाणी घालता घालता थबकले आणि पाइप स्वतःच्या बुटात धरून उभे राहिले. एक लांबलचक हॉर्न. मी थांबलो.

बायकोने खिडकीतून आत डोकं घातलं. "बाबा, हात सोडा."

"स्टिअरिंग सोडून गाडी चालते का कुठे?"

"तुम्ही कंडक्टर ना? मग ड्रायव्हरच्या कामात कशाला पडता?"

हे त्यांना पटलं. पुढच्या वळणावर मी आरशात पाहिलं, तर बाबा दरोडेखोराने पिस्तूल रोखल्यासारखे दोन्ही हात वर करून बसले होते आणि त्यांच्यासमोर स्टिअरिंग आपोआप गोल फिरत होतं. तोंड उघडं. पाठोपाठ दोन हॉर्न, मग आणखी दोन. गल्लीत चार चकरा झाल्या तरी ते उतरायला तयार होईनात.

शेवटी उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "घेऊन चला हिला. माणूस नको. तिचं तिला कळतं."

"हेच मी तीन आठवडे सांगतेय," बायको म्हणाली.

डोंगरात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडी सोडवून घेतली, बाबांना शेजारी बसवलं आणि दोघं निघून गेले. मी नळी जोडत राहिलो. तास झाला, तीन झाले. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. दुपारी बाबांच्या शर्टावर आइस्क्रीमचे डाग घेऊन दोघं परतले.

"कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही," बायको म्हणाली. "पहिल्या फाट्याला डावीकडे वळलो, दुसऱ्याला उजवीकडे. आवडलं तिथे थांबलो."

"मला सांगायचं तरी!"

"अहो, तुम्ही घर सांभाळत होतात ना," ती म्हणाली आणि बाबांना विचारू लागली की उद्या कोणत्या बाजूला जायचं.