बॉनेटवरची पुरणपोळी

आमच्या गाडीचा पहिला अपघात झाला तेव्हा गाडी उभी होती आणि बैल जेवत होता.

गाडी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं घेतलेली. विमा मात्र मी निवडला. एजंट म्हणाला, "ताई, डिडक्टिबल वाढवलं की हप्ता कमी बसतो. दर अपघाताला पहिले पाच हजार तुमचे, त्यावरचे कंपनीचे."

मला हे फारच पटलं. किरकोळ खरचटल्यासाठी कंपनीपुढं हात का पसरायचा? स्वाभिमान नावाची काही चीज आहे की नाही! (यावर मी घरात इतका वेळ बोलले, की अप्पा सही करूनच सुटले.)

पोळ्याला अप्पांनी बैलांबरोबर गाडीचीही पूजा केली. कुंकू लावलं, हार घातला आणि नैवेद्याची पुरणपोळी थेट बॉनेटवर ठेवली! आमच्या हणम्या बैलाला हा अन्याय सहन झाला नाही. पितळी शेंब्या घातलेली शिंगं बॉनेटवर खणाखण आपटत त्यानं पोळी उचलली. बॉनेटला दोन खड्डे!

मी काठी शोधायला लागले, तर अप्पा आडवे आले.

"ए, हात लावू नको! आज त्याचा सण हाय!"

"आणि गाडीचं काय?"

"तिचा इमा हाय की!"

सेलूच्या मेस्त्रीला फोटो पाठवले. त्यानं खर्च सांगितला साडेचार हजार. म्हणजे कंपनीकडून शून्य!

"तुझ्या भरवशावर सही केली व्हती मी," अप्पा म्हणाले.

सणाला आलेले मामा माझ्या कानाशी लागले. "पोरी, अजून थोडं ठोक की. पाचाच्या वर जाऊ दे."

"मामा, ही लबाडी झाली! आपणच असं वागलो तर कंपन्यांना जाब कोणत्या तोंडानं विचारायचा?" मी पेटले. अंगणात माणसं जमली, तशी आणखी पेटले. "आत्ता गॅरेजला नेते! खर्च आपण भरू!" म्हणत गाडीत बसले आणि रिव्हर्सऐवजी पहिला गियर टाकला. धाडकन! समोर गोठ्याची भिंत. बंपर गेला, दिवा फुटला.

मामांनी टाळ्या वाजवल्या. "लय भारी! बोलायचं एक अन् करायचं एक! पुढारी व्हशील बघ!"

"चुकून झालं, मामा!"

"हां हां, चुकूनच म्हणायचं आसतंय!"

हा खर्चही साडेचार हजारच. अप्पांनी कंपनीला कळवलं. नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर आला, तेव्हा त्याच्या पाठीमागून मामा मला एक बोट दाखवत होते. एकच अपघात सांग! मग खर्च नऊ हजार आणि कंपनीकडून चार तरी सुटतात. पण माझ्या तत्त्वांनी उचल खाल्ली.

"साहेब, अपघात दोन. आधी बैल, मग मी."

"मग क्लेमही दोन," तो म्हणाला. "पाच हजार दोन्हीकडं वजा. काहीच मिळत नाही, ताई. पण इतकं खरं बोलणारं माणूस पहिल्यांदाच बघितलं!"

मी अभिमानानं अप्पांकडं पाहिलं. अप्पा हणम्याकडं बघत होते. माझ्यापेक्षा त्यानं कमी नुकसान केलं, असा काहीसा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर होता.

यंदा एजंट पॉलिसीच्या नूतनीकरणाला येणार, तर अप्पांनी आदल्या दिवशीच मला सोनपेठला मावशीकडं धाडून दिलं. एसटीनं!